सरकणारी फोरसाईट : एअर रायफलच्या एक्स्टेन्शन ट्यूबची बसवणूक आणि जुळवणी, सोलापुरातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापुरातील एका नेमबाजी क्लबमधील आहे. ओळख पटू नये म्हणून नेमबाज, तिचे कुटुंब, क्लब आणि रायफल बनवणारी कंपनी यांची नावे दिलेली नाहीत. क्लबच्या साहित्याची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे यातील बहुतेक टप्पे मी जवळून पाहिले आहेत. पुढचे सर्व विवेचन १० मीटर प्रकारातील ४.५ मिलिमीटर व्यासाच्या हवेच्या रायफलीपुरते आहे. परवान्याच्या बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी कोणताही बदल करणे ही कायद्याच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने अगदी वेगळी बाब असून ते काम परवानाधारक कारागिराचेच आहे.

नेमबाज अकरावीत शिकणारी मुलगी. वडिलांचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवल्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली आणि त्याबरोबर जुन्या मॅच रायफलींची मागणीही वाढली, कारण नवी रायफल लाखांच्या घरात जाते. या मुलीसाठी वडिलांनी दुसऱ्या जिल्ह्यातील एका नेमबाजाकडून वापरलेली रायफल घेतली. रायफल उत्तम स्थितीत होती, फक्त तिच्याबरोबर कंपनीची मूळ एक्स्टेन्शन ट्यूब मिळाली नाही. म्हणून बाजारातून दुसऱ्या बनावटीची ॲल्युमिनियमची ट्यूब घेण्यात आली.

ही ट्यूब बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, तोंडावर बसते आणि फोरसाईट, म्हणजे पुढची नेमखूण, तिच्या पुढच्या टोकावरच्या खाचेत पकडली जाते. तिच्यामुळे छर्ऱ्याचा, म्हणजे पेलेटचा, वेग वाढत नाही आणि बॅरलमधून बाहेर पडायला लागणारा वेळही बदलत नाही. आटे असलेला बॅरल संपल्यावर पेलेट ट्यूबच्या भिंतीला न शिवता मोकळी पुढे जाते. ट्यूबचा उपयोग दोन गोष्टींसाठी आहे. डायॉप्टर, म्हणजे डोळ्याजवळची बारीक छिद्राची मागची नेमखूण, आणि फोरसाईट यांच्यातील अंतर वाढते, त्यामुळे नेम जुळवताना होणाऱ्या चुकीचा कोन लहान राहतो. आणि थोडे वजन पुढे गेल्याने रायफल हातात स्थिर राहते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार यंत्रणेच्या मागच्या टोकापासून दिसणाऱ्या तोंडापर्यंतची, म्हणजे ट्यूबच्या पुढच्या टोकापर्यंतची, लांबी ८५० मिलिमीटरपेक्षा अधिक आणि रायफलचे एकूण वजन ५.५ किलोपेक्षा अधिक असता कामा नये.

नव्या ट्यूबचा आतला व्यास बॅरलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा सुमारे तीन मिलिमीटरने जास्त होता. मधली जागा भरण्यासाठी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका लेथवर नायलॉनच्या सळईतून बुश, म्हणजे मधे बसणारे पोकळ कडे, करून घेण्यात आला. बुश सहज बसला, ट्यूबच्या मागच्या चिरेवरचे दोन ॲलन स्क्रू आवळले गेले, फोरसाईट डोळ्याच्या अंदाजाने सरळ केली गेली, रायफल झिरो झाली, म्हणजे शॉट मध्यावर पडतील असा नेम जुळवला गेला, आणि सराव सुरू झाला. त्या वेळी काहीही वावगे दिसत नव्हते.

समस्या

उन्हाळा चढू लागला तशी तक्रार सुरू झाली. सकाळी लावलेला ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या शॉटचा पुंजका, मध्यावर असे आणि दुपारनंतर तोच ग्रुप डावीकडे सरके. ग्रुपचा आकार फारसा बिघडत नव्हता. बिघडत होती ती त्याची जागा. हा फरक पुढे निर्णायक ठरला, पण सुरुवातीला त्याकडे कोणी त्या नजरेने पाहिले नाही. नेमबाज डायॉप्टरला उजवीकडे दोन-तीन क्लिक, म्हणजे जुळवणीच्या स्क्रूचे टप्पे, देई आणि सराव पुढे चालू ठेवी. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप पूर्णपणे जुन्या जागी परत येत नसे, म्हणून ते क्लिक तसेच राहत आणि दुपारी त्यात आणखी भर पडे.

नेमबाजीत ग्रुप सरकला की पहिला संशय शरीरावर जातो, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. प्रशिक्षकांनी पायांची ठेवण बदलून पाहिली, शरीराचा नैसर्गिक रोख पुन्हा तपासला, चीकपीस, म्हणजे गालाचा आधार, थोडी खाली घेतली. प्रत्येक बदलानंतर एक-दोन सत्रे बरी जात आणि मग ग्रुप पुन्हा डावीकडे जाई. मुलीचा आत्मविश्वास कमी होत गेला. तिच्या सरावाच्या वहीत त्या काळात वारंवार एकच वाक्य आहे : "दुपारी लक्ष लागत नाही." हे वाक्य मला आजही अस्वस्थ करते, कारण तिचे लक्ष व्यवस्थित लागत होते.

आणखी एक गोष्ट हळूहळू घडत होती. तिच्या फोरसाईटच्या नळकांड्यात छोटी पाणसळ होती. बुडबुडा मध्यावर ठेवण्याची सवय तिला चांगली लागलेली होती आणि ती प्रत्येक शॉटला तो मध्यावर आणत असे. पण त्यासाठी तिला रायफल दिवसेंदिवस थोडी अधिक डावीकडे, म्हणजे स्वतःच्या चेहऱ्याकडे, कलवावी लागत होती. गालाचा दाब वाढला आणि बटप्लेटचे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाचे, खालचे टोक बाहेरच्या बाजूला सरकले. मान दुखते असे ती म्हणू लागली, तेव्हा घरच्यांनी ते अभ्यासाच्या ओझ्यावर घातले.

प्रकरणाला कलाटणी मिळाली ती एका साध्या निरीक्षणाने. स्पर्धेपूर्वीच्या तपासणीसाठी रायफल माझ्याकडे आली तेव्हा डायॉप्टरचा आडवा स्क्रू उजव्या टोकाला जवळपास टेकलेला होता. नीट बसवलेल्या रायफलीवर डायॉप्टर मध्याच्या आसपास असतो. तो टोकाला गेला असेल, तर नेमबाज कशी उभी राहते हा प्रश्न नंतरचा. आधी रायफलीवर काहीतरी वाकडे आहे, हे मान्य करावे लागते.

कारणाचा शोध

पहिले काम नेमबाज आणि रायफल यांना वेगळे करण्याचे होते. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून दुसऱ्या अनुभवी नेमबाजाने सकाळी आणि दुपारी त्याच लॉटच्या पेलेट वापरून ग्रुप लावले. दुपारचा ग्रुप त्याच्याही हातून डावीकडे गेला. शरीराचा प्रश्न येथे बाजूला पडला. हा निष्कर्ष मी मुलीला सर्वांत आधी सांगितला. बाकीचे तपशील नंतर आले तरी चालण्यासारखे होते.

पेलेट ट्यूबच्या कडेला घासत असेल, अशी एक शंका होती. तसे असते तर ग्रुपबाहेर फेकले गेलेले भरकटे शॉट दिसले असते आणि ट्यूबच्या तोंडाच्या आतल्या कडेवर शिशाचा करडा माग असता. पांढऱ्या कापसाच्या काडीने कड पुसली. काडी स्वच्छ राहिली. बॅरलच्या तोंडाची कडही भिंगाखाली निर्दोष होती.

मग बॅरल आणि ट्यूब यांच्यावरून एकच सरळ बारीक रेष ओढली आणि रायफल नेहमीच्या सरावाला दिली. पत्र्याच्या छताखालची दुपार उलटल्यावर रेषेचे दोन तुकडे एकमेकांपासून किंचित सरकलेले होते. ट्यूब बॅरलभोवती, नेमबाजाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, फिरत होती. तिच्याबरोबर फोरसाईट उजवीकडे जात होती, आणि फोरसाईट उजवीकडे गेली की ग्रुप डावीकडे जातो. रोज घडत होते ते नेमके हेच होते.

कारण उष्णताच असावी, हे सर्वांना पटले. पण कोणत्या मार्गाने, यावर मतभेद झाला. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते म्हणून ट्यूबची पकड सैल होते, असे एकाचे म्हणणे होते. हिशोब करून पाहिला. दोन्ही धातूंच्या प्रसरणातला फरक, सुमारे सोळा मिलिमीटरचा व्यास आणि तापमानातला वीस अंशांचा चढ धरला, तर मिळणारी फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत तीन-चार इतकीच येते. एवढ्याने आवळलेली ट्यूब सुटत नाही. खरा दोष नायलॉनचा होता. नायलॉन सततच्या दाबाखाली हळूहळू दबत जाते आणि उष्णतेत हे दबणे वाढते. शिवाय ते हवेतील ओलावा शोषून फुगते, म्हणजे पावसाळ्यात त्याचे माप पुन्हा वेगळे होते. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर राहतो आणि पत्र्याखाली त्याहून अधिक. बुश बाहेर काढला तेव्हा चिरेच्या बाजूला तो चकाकत होता आणि तेथील जाडी दुसऱ्या बाजूपेक्षा बोटाच्या नखालाही जाणवेल इतकी कमी झाली होती. पकड कमी झालेल्या ट्यूबला प्रत्येक वेळी रायफल बॅगेत घालताना व काढताना फोरसाईटपाशी लागणारा हात थोडा थोडा फिरवत होता.

एवढ्याशा हालचालीचा एवढा परिणाम का

या रायफलीवर नेमरेषा बॅरलच्या मध्यापासून सुमारे ६० मिलिमीटर उंच होती आणि डायॉप्टर ते फोरसाईट अंतर सुमारे ७०० मिलिमीटर होते. ट्यूब एका अंशाचा दहावा भाग फिरली, तर फोरसाईट बाजूला साधारण ०.१ मिलिमीटर सरकते. १० मीटरवर ही चूक चौदापट होते, म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, पुढची प्रत्येक कडी २.५ मिलिमीटर अंतरावर असते आणि दशांशाचा प्रत्येक गुण ०.२५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या या फिरण्याने प्रत्येक शॉटमागे पाच-सहा दशांश जातात, आणि सामना साठ शॉटचा असतो.

एकूण फिरणे पुढे मोजले तेव्हा ते सुमारे दोन अंश भरले. त्यातला काही भाग पहिल्या दिवशी अंदाजाने बसवताना आलेला असणार, पण तो झिरो करताना झाकला गेला. दोन अंश एकदम फिरले असते तर पेलेट मध्यापासून सुमारे तीन सेंटिमीटर बाजूला, लक्ष्याच्या सर्वांत बाहेरच्या कडीच्याही पलीकडे गेली असती आणि पहिल्याच शॉटला सर्वांच्या लक्षात आले असते. ते आठवडे घेऊन घडले आणि रोजच्या दोन-तीन क्लिकनी ते रोज झाकले गेले.

रायफल कलण्याचा परिणाम याहून वेगळा आहे. सुमारे १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेली पेलेट १० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने साधारण १७-१८ मिलिमीटर खाली येते. ही घट भरून काढण्यासाठी बॅरलचा रोख किंचित वर ठेवलेला असतो, आणि रायफल नेमरेषेभोवती एक अंश कलली की त्यातला सुमारे ०.३ मिलिमीटर भाग बाजूला वळतो. दोन अंशांना ०.६ मिलिमीटर. हा आकडा लहान वाटतो आणि कलणे प्रत्येक शॉटला सारखे असेल तर तो झिरोमध्ये सामावूनही जातो. या प्रकरणात त्याचे खरे नुकसान गुणांपेक्षा शरीराला झाले : चुकीच्या पाणसळीशी प्रामाणिक राहून मुलीने स्वतःची उभी राहण्याची पद्धत वाकडी करून घेतली.

विचारात घेतलेले पर्याय

विभागीय स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. त्यामुळे प्रत्येक पर्यायाबरोबर वेळेचा विचार करावा लागला.

स्पर्धा होईपर्यंत काहीच न करता क्लिक देत राहावे, असे एक मत होते. सकाळच्या सत्रात स्पर्धा असेल तर निभावेल, हा त्यामागचा तर्क. पण डायॉप्टरला आता उजवीकडे जागाच उरली नव्हती आणि सत्र कोणते मिळेल ते आपल्या हातात नसते.

ट्यूब काढून फोरसाईट सरळ बॅरलवर लावणे हा सर्वांत निर्धोक तांत्रिक मार्ग होता. तो मी बराच वेळ विचारात ठेवला. मात्र त्यामुळे नेमरेषा आखूड होते, फोरसाईटच्या कडीचे दिसणारे माप बदलते, रायफलचा तोल मागे येतो. मुलीला जवळपास नव्या रायफलीची सवय करावी लागली असती.

वडिलांची सूचना स्क्रू आणखी आवळण्याची किंवा ट्यूब बॅरलला चिकटवून टाकण्याची होती. मागावर काम करणाऱ्या माणसाला सैल भाग घट्ट करणे स्वाभाविक वाटते, आणि त्यांची कळकळ खरी होती. तरी दबलेल्या नायलॉनवर आणखी दाब दिला तर ते आणखी दबते, आणि चिरेपाशीच सगळा जोर आल्याने बॅरलच्या तोंडाजवळ एकाच बाजूने ताण येतो. चिकटवलेली ट्यूब पुढे साफसफाईसाठी काढता येत नाही. चिकटवताना ती किंचित तिरकी राहिली तर ती चूक कायमची होते.

एका परिचिताने ट्यूबच काढून बाजारात मिळणारा भोके असलेला कॉम्पेन्सेटर, म्हणजे नळीच्या तोंडाशी हवा बाजूला सोडणारा भाग, लावण्याचे सुचवले. तो मार्ग पाहण्याचीही गरज नव्हती. स्पर्धेच्या नियमांत रायफलीवर कॉम्पेन्सेटर आणि मझल ब्रेक यांना बंदी आहे, बॅरल आणि एक्स्टेन्शन ट्यूब यांना कोणत्याही प्रकारची भोके चालत नाहीत आणि ट्यूबच्या आत कोणतीही रचना चालत नाही. साहित्य-तपासणीच्या टेबलावर रायफल अडली असती.

रायफल पुण्याला किंवा मुंबईला दुरुस्तीसाठी पाठवावी, तर ती स्पर्धेपूर्वी परत येईल याची खात्री कोणी देईना. राहिला तो धातूचा नवा बुश करून ट्यूब नव्याने जुळवण्याचा मार्ग. तो निवडला, पण एका अटीवर : स्पर्धेच्या दहा दिवस आधीपर्यंत रायफल विश्वासाने हातात देता आली नाही, तर ट्यूब काढून आखूड नेमरेषेवर खेळायचे. ही मर्यादा आधी ठरवल्यामुळे पुढची घाई टळली.

केलेली कार्यवाही

कामाला हात लावण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री दोघांनी वेगवेगळी केली. हवेचा सिलिंडर काढला. सिलिंडर काढल्यावरही यंत्रणेत थोडी हवा शिल्लक राहते, म्हणून रायफल सुरक्षित दिशेला धरून ती संपेपर्यंत चाप ओढला आणि मग बोल्ट उघडा ठेवून सुरक्षा-दोरी घातली. सिलिंडर सावलीत वेगळा ठेवला. उन्हात उभ्या गाडीत भरलेला सिलिंडर ठेवण्याची सवय आपल्याकडे अनेकांना आहे, ती मोडायला हवी.

बॅरलचा बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने तोंडापासून मागे तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजला. ट्यूबचा आतला व्यासही तसाच घेतला. ही मापे कागदावर काढून, सोबत ट्यूब घेऊन, त्याच लेथवर गेलो. पहिला बुश करणाऱ्या मिस्त्रींना तो कशासाठी आहे हे तेव्हा कोणी सांगितलेच नव्हते. "बसता झाला पाहिजे" एवढाच निरोप होता आणि त्याप्रमाणे त्यांनी तो बसता करून दिला होता. या वेळी पूर्ण गोष्ट ऐकल्यावर त्यांनीच दोन गोष्टी सुचवल्या. आतले भोक आणि बाहेरची वळणी एकाच पकडीत करायची, चकमधून मध्ये काढायचे नाही, म्हणजे दोन्हींचा मध्य एकच राहतो. आणि बुशला लांबीभर एक चीर द्यायची, म्हणजे ट्यूब आवळली की तो बॅरलला सगळीकडून सारखा धरतो. "अण्णा, हे आधी सांगितलं असतं तर नायलॉन घेतलाच नसता," असे ते मुलीच्या वडिलांना म्हणाले. बुश ॲल्युमिनियमचा केला आणि चीर दिल्यावर आतल्या कडा हाताने साफ केल्या, कारण एक बारीक कूस राहिली तरी बॅरलवर ओरखडा उठतो.

बुश बसवून, स्क्रू जेमतेम टेकवून, ट्यूब बॅरलभोवती हळू फिरवली आणि तिच्या पुढच्या टोकावर डायल गेज टेकवून पाहिले. काट्याचा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजण्याइतकाच होता. जुन्या नायलॉनच्या बुशवर हीच चाचणी करून पाहिली तेव्हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसत होता.

पुढचा प्रश्न जुळवणीच्या आधाराचा होता, आणि माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. फोरसाईट सरळ म्हणजे कशाच्या मानाने सरळ? आधी ती तिच्याच पाणसळीवरून सरळ मानली जात होती, आणि ती पाणसळ ट्यूबबरोबरच फिरत होती. जो भाग तपासायचा तोच भाग मोजपट्टी म्हणून वापरला तर चूक कधीच सापडत नाही. म्हणून आधार घेतला तो रायफलच्या मुख्य भागावरच्या, डायॉप्टर ज्यावर बसतो त्या पट्टीचा. रायफल मऊ जबड्यांच्या व्हाइसमध्ये बॅरलवर जोर न येता पकडली, पट्टीवर कारखान्यातली बारीक पाणसळ आडवी ठेवून ती समतल केली. समोर दहा मीटरवर गवंड्याचा ओळंबा पांढऱ्या दोऱ्याने टांगला आणि वजन पाण्याच्या बादलीत सोडले, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने दोरा हलणार नाही. फोरसाईटमध्ये नेहमीची गोल कडी न लावता उभी पट्टी लावली, डायॉप्टर त्याच्या यांत्रिक मध्यावर आणला आणि त्यातून पाहत उभी पट्टी दोऱ्याशी समांतर होईपर्यंत ट्यूब फिरवली.

स्क्रू आळीपाळीने, प्रत्येक वेळी पाव फेरा, ट्यूबच्या कंपनीने दिलेल्या जोराच्या मर्यादेत आवळले. पहिल्या प्रयत्नात आवळतानाच ट्यूब थोडी फिरली. हे जवळजवळ नेहमी होते, आणि आवळल्यानंतर पुन्हा ओळंब्याशी तपासणी केली नाही तर सगळी मेहनत वाया जाते. दोन्ही स्क्रूंच्या आट्यांना नंतर उघडता येईल असा पातळ डिंक लावला. बॅरलला किंवा बुशला काहीही लावले नाही. फोरसाईटमधील पाणसळ आता पट्टीवरच्या पाणसळीशी जुळवून पाहिली. ती स्वतःच किंचित तिरकी बसवलेली निघाली, तीही सरळ केली.

शेवटची तपासणी शॉट मारून. लक्ष्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर ओळंब्याच्या दोऱ्याबरोबर एक उभी रेष ओढली. रायफल समतल ठेवून डायॉप्टर फक्त उभ्या दिशेने बराच वर आणि बराच खाली नेऊन ग्रुप लावले. सर्व ग्रुप उभ्या रेषेवर पडले तर डायॉप्टर आणि पट्टी बॅरलशी सरळ आहेत. रेषेपासून तिरके सरकत गेले तर आधारच चुकीचा धरला आहे. ते रेषेवर पडले. ही चाचणी आपल्याकडे फार कमी केली जाते, तिला अर्धा तासही लागत नाही.

बॅरल आणि ट्यूब यांच्यावर पुन्हा बारीक रेष ओढली. सिलिंडर काढून रायफल दुपारभर पत्र्याखाली ठेवली, संध्याकाळी रेष आणि ग्रुप दोन्ही पाहिले. रेष अखंड होती.

परिणाम

तांत्रिक बाजूने निकाल स्वच्छ लागला. झिरो केल्यावर डायॉप्टर मध्यापासून थोड्याच क्लिकवर राहिला आणि सकाळ-दुपारचे ग्रुप एकाच जागी पडू लागले. साहित्य-तपासणीत लांबी आणि वजन दोन्ही मर्यादेत भरले.

नेमबाजाच्या बाजूने तो इतका सोपा नव्हता. सरळ झालेली रायफल तिला वाकडी वाटत होती. डावीकडे कलवून धरण्याची सवय शरीरात बसली होती. पाणसळ मध्यावर येई तेव्हा तिला रायफल बाहेर कलल्यासारखी वाटे आणि ती नकळत पुन्हा गाल दाबी. प्रशिक्षकांनी चीकपीस पूर्वीच्या उंचीवर आणली, बटप्लेट फिरवून खांद्याशी नव्याने जुळवली आणि बरेच दिवस पेलेट न घालता फक्त ड्राय फायर करून घेतले. विभागीय स्पर्धेत तिचे गुण तिच्या जुन्या उत्तम गुणांपेक्षा कमीच राहिले. मात्र साठ शॉटच्या पहिल्या आणि शेवटच्या मालिकेत फरक नव्हता, आणि मधे तिने डायॉप्टरला हात लावला नाही. त्यानंतरच्या दोन महिन्यांत गुण जुन्या पातळीवर आले. मानेचे दुखणे त्याआधीच थांबले होते.

वेगळे काय करता आले असते

पहिली जागा खरेदीची आहे. जुनी रायफल घेताना बॅरल, सील आणि सिलिंडरची मुदत पाहिली जाते. मूळ ट्यूब मागितली जात नाही. तिच्यासाठी थोडे थांबणे किंवा त्याच बनावटीची ट्यूब शोधणे स्वस्त पडले असते.

दुसरी जागा क्रमाची. ग्रुप लहान राहून सरकतो आहे, पसरत नाही, हे कागदी लक्ष्यांवर पहिल्या आठवड्यातच दिसत होते. शरीरातल्या दोषाने ग्रुप सहसा पसरतो. तो आखीव राहून एकाच दिशेला चालत गेला, तर आधी रायफल पाहावी. पिशव्यांवरची चाचणी तेव्हाच झाली असती, तर पायांची ठेवण आणि चीकपीस यांना कोणी हात लावला नसता. प्रशिक्षकांशी यावर माझे पूर्ण एकमत नाही. त्यांचे म्हणणे असे की, नवशिक्या मुलांना साहित्यावर संशय घेण्याची सवय लागली की ती प्रत्येक वाईट शॉटला स्क्रू शोधतात. ही भीती निराधार नाही. म्हणून आता क्लबमध्ये असे ठरले आहे की एका दिशेला ठराविक मर्यादेपेक्षा जास्त क्लिक साठले, तर नेमबाजाने काही न करता रायफल तपासणीला द्यायची. संशय घेण्याचे काम तिच्याकडे राहत नाही.

तिसरी जागा लेथवरची. कारागिराला माप देऊन काम सांगणे आणि उपयोग सांगून काम सांगणे यांत केवढे अंतर पडते, ते दोन्ही बुश टेबलावर शेजारी ठेवले की दिसते.

फोरसाईटमधली पाणसळ ठेवावी की काढावी, यावर अजून निर्णय झालेला नाही. काही चांगले नेमबाज ती वापरत नाहीत आणि डोक्याची ठेवण स्थिर ठेवून रायफल सारखी धरतात. या मुलीने तूर्त ती ठेवली आहे, पण दर महिन्याला ती पट्टीवरच्या पाणसळीशी ताडून पाहिली जाते. क्लबमधल्या आणखी दोन रायफलींवर नायलॉनचेच बुश निघाले. एकीचे काम मिस्त्रींकडे दिले आहे. दुसऱ्या रायफलीची स्पर्धा जवळ असल्याने तिच्यावर फक्त रेष ओढून ठेवली आहे. प्रत्येक सत्रापूर्वी आणि सत्रानंतर ती पाहून वहीत नोंद करण्याचे काम तिच्या नेमबाजाने स्वतःकडे घेतले आहे.